वजनकाट्याची भिंत कोणी पाडली याबाबतचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोठ्या गाड्यांना हवेचे ब्रेक बसवणे, या धंद्यात सगळीकडे 'हवावाली' म्हणून ओळखली जाणारी, आज पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवते, की माझ्यामागे माझ्या वस्तूंचे जे काही होईल ते माझ्याच मर्जीने व्हावे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझ्या मुलीचे मत वेगळे आहे, पण तिला कोणी विचारलेले नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर मी तो गेज लावून मोजला असता आणि इथे आकडा लिहिला असता.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे लिहिली आणि दोन्ही रागाच्या भरात फाडली. ती रद्द समजावीत. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, या खेपेला शांतपणे लिहा." शांतपणे लिहिते आहे.

कलम १. कारखान्याच्या वरच्या दोन खोल्या, गच्ची आणि जिना माझ्या मुलीला द्यावा. मुलगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, नाही नाही ती आम्ले हाताळते, पण खाली डिझेलचा वास आला की नाकाला रुमाल लावते. अट एकच. जिन्याची सहावी पायरी करकरते, ती दुरुस्त करू नये. आमचे हे गेले त्याला आठ वर्षे झाली, पण ती पायरी वाजली की मी अजून हात धुऊन चहाचे आधण ठेवायला उठते. बहुधा मांजर असते.

कलम २. बँकेत जे असेल तेही तिचेच. पासबुक बिस्किटांच्या डब्यात आहे. बिस्किटे कधीच संपली.

कलम ३. माझी सगळी हत्यारे गप्पूला द्यावीत. गप्पू म्हणजे माझ्या हाताखाली बावीस वर्षे काम करणारी कारागीर. ती क्षणभर गप्प बसत नाही म्हणून हे नाव. ती बोलायची थांबली की समजावे, कुठेतरी हवा गळते आहे आणि हिने ऐकली. पाने, गेज, नळ्या वाकवायचे यंत्र, साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश, सगळे तिचे. ब्रश जुना आहे म्हणून टाकू नये. नव्या ब्रशाने फेस नीट उठत नाही. यातून फक्त लाल मुठीची पक्कड वगळावी. तिच्याबद्दल पुढे येईलच.

कलम ४. शेजारचा लेथवाला. याने अकरा वर्षांपूर्वी माझा पाइप कापायचा कटर "पाच मिनिटांत आणून देतो" म्हणून नेला. ती पाच मिनिटे अजून संपायची आहेत. मी तो कटर त्याच्याच नावे लिहून टाकणार होते, म्हणजे जन्मभर त्याला लाज वाटली असती. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि वकीलबाई म्हणतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही. म्हणजे आता त्याला तो परत करावाच लागेल. कायदा वाईट नाही.

कलम ५. समोरचा रबरी पाइप विकणारा दुकानदार. त्याने मला एकदा पाण्याचा पाइप हवेचा म्हणून विकला. मला पोहोचवायला आला तर येऊ द्यावे, पण मागच्या रांगेत उभे करावे आणि भाषण करू देऊ नये.

कलम ६. आता मुख्य गोष्ट. तीनदा पेन खाली ठेवले, म्हणून अक्षर बदललेले दिसेल. हात माझाच आहे.

आमच्याकडे एक जुना ट्रक आहे. ह्यांनी तो घेतला तेव्हा तो एकटाच धावणारा होता, मागे ट्रेलर ओढायची सोय त्यात नव्हती. ह्यांना ट्रेलर जोडायचा होता. ट्रेलर ओढायचा तर त्याच्या चाकांनाही ब्रेक हवेत, आणि ते ब्रेक पुढच्या गाडीच्या हवेवर चालतात. त्यासाठी ट्रकमधून मागे दोन पाइप न्यावे लागतात. एक भरणारा, तो ट्रेलरच्या टाकीत सतत हवा भरत राहतो. दुसरा दाबणारा, ड्रायव्हरने ब्रेक दाबला की तेवढ्यापुरती त्यातून हवा जाते आणि ट्रेलरला निरोप पोहोचतो, "थांब."

हे काम मी केले. अकरा दिवस लागले. ट्रकच्या टाकीवरून फाटा काढला. ट्रेलर कधी तुटून सुटला तर पुढच्या गाडीची हवा त्याच्याबरोबर जाऊ नये म्हणून मध्ये व्हॉल्व्ह बसवला. ड्रायव्हरच्या हाताशी नुसत्या ट्रेलरचे ब्रेक लावायचा दांडा दिला. पाइप सायलेन्सरपासून लांब, चासीच्या म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या आतल्या अंगाने, हातभर अंतरावर क्लिपा मारत नेले. प्रत्येक सांध्याला साबण लावून पाहिला, एक बुडबुडा नाही. आजही नाही. हे मी फुशारकीने लिहिते आहे आणि ते तसेच राहू द्यावे.

चूक सांध्यात नव्हती. चूक तारेत होती.

पाइपांना रंग असतात, पण धूळ आणि ग्रीस बसले की महिन्याभरात दोन्ही काळे. म्हणून आम्ही पाइपाच्या तोंडाशी तांब्याच्या तारेचे वेढे घालतो, अंधारात बोटांनाही कळतात. माझ्या वडिलांच्या कारखान्यात दाबणाऱ्या पाइपाला एक वेढा आणि भरणाऱ्याला दोन. सासरी नेमके उलटे, भरणाऱ्याला एक आणि दाबणाऱ्याला दोन. लग्नानंतर यावरून आमचे पहिले भांडण झाले. शेवटी ठरले की कारखाना सासरचा, तर वेढेही सासरचे. मी मान्य केले आणि पुढे वीस वर्षे एकदाही चुकले नाही.

काम संपायच्या दिवशी, अकराव्या दिवशी सकाळी, एका गिऱ्हाइकासमोर हे म्हणाले, "ही जोडणी मीच केली." गंमत म्हणून म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग आला की बाई माहेरी जाते म्हणतात. मी कुठे गेले नाही, कारण काम पुरे करायचे होते. माझे हात तेवढे गेले. मी लाल मुठीची पक्कड घेतली आणि दोन्ही पाइपांना वडिलांच्या पद्धतीने वेढे घातले.

ट्रेलरवर ह्यांनी सासरच्या पद्धतीने खुणा केलेल्या होत्या. ट्रक चालवणार होते माझे धाकटे दीर, आमचे भावजी. त्यांनी, शिकवले होते तसे, एकाला एक आणि दोनाला दोन जोडले. पाइपांच्या तोंडांची कपलिंगे जुनी, कोणतेही कोणालाही बसायचे. भरणारी हवा दाबणाऱ्याच्या वाटेने गेली आणि ट्रेलरची टाकी कोरडी राहिली. ट्रेलर इतका जुना की टाकी रिकामी असताना त्याची चाके आपोआप जखडणारी सोयही त्याला नव्हती. तो गुपचूप मागून निघाला.

निघण्यापूर्वी ट्रेलरचे ब्रेक लावून गाडी जराशी ओढून पाहतात. ट्रेलर जागचा हलला नाही तर जोडणी बरोबर. भावजींनी खिडकीतून डोके बाहेर काढून विचारले होते, "वहिनी, ओढून बघू?"

मी म्हटले, "मी जोडलंय ना? निघा."

फाटकाबाहेर उतार आहे आणि उताराच्या तळाशी वजनकाटा. ट्रक थांबत होता, ट्रेलर थांबेना. मागून ढकलत, तिरका होत, तो वजनकाट्याच्या खोलीची भिंत घेऊन आत शिरला. आतला कारकून नशिबाने बाहेर हात धुवायला गेला होता. त्याचा डबा मात्र गेला. पुढे कित्येक वर्षे तो मला भेटला की डब्यात काय काय होते ते सांगायचा.

भावजी उतरले, पाइपांकडे पाहिले आणि म्हणाले, "मी उलटे जोडले."

त्यांनी स्वतःच म्हटले. मी तिथेच उभी होते. कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप धुवायला घेतले तेव्हा वेढे मोजले, आणि ते माझ्या वडिलांच्या पद्धतीचे निघाले. आजूबाजूला कोणी नव्हते. त्याच पकडीने मी ते वेढे काढले आणि सासरच्या पद्धतीने घातले. चूक माणसाकडून होते. ही दुसरी गोष्ट चूक नव्हती, ही मी केली.

ह्यांनी भावजींना ट्रकवरून उतरवले. लोकांनी त्यांचे नाव 'भिंतपाड्या' ठेवले. एकोणीस वर्षे झाली, त्यांना कोणी ट्रेलर दिला नाही. ते शाळेची व्हॅन चालवतात, आणि माझी मुलगीसुद्धा लाडाने त्यांना भिंतपाडे काका म्हणते. ते हसतात. मी नाही हसू शकत. त्यांचा माझ्यावर राग नाही, हेच तर मला सलते. त्या माणसाला एकोणीस वर्षे वाटते आहे की आपल्याला दोन पाइप धड जोडता येत नाहीत.

कलम ७. सबब हा ट्रक, ट्रेलर आणि लाल मुठीची पक्कड भावजींना द्यावी. आणि कलम ६ वजनकाट्यावर, सगळे ड्रायव्हर जमतात त्या वेळी, मोठ्याने वाचावे. गप्पूने वाचावे, तिचा आवाज लांब जातो.

पुरवणी. त्याच दिवशी, संध्याकाळी लिहिलेली.

वरील कागद सहीसाठी आज दुपारी टेबलावर ठेवला होता. दुसरे साक्षीदार म्हणून डॉक्टर येणार होते, ते आले नाहीत. मुलीला यातले काही माहीत नव्हते. तिने "घरचंच माणूस बरं" म्हणून काकांना फोन केला. व्हॅन दारात लावून भावजी वर आले. सहावी पायरी वाजली तशी मी उठले आणि दारात त्यांना पाहून परत बसले.

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराने वाचायची गरज नसते. आजींनी तुमच्यासमोर सही केली, एवढंच बघायचं."

भावजी चष्मा काढत म्हणाले, "एकदा न तपासता निघालो होतो बाई. तेव्हापासून मी काहीही तपासल्याशिवाय करत नाही."

त्यांनी सगळे वाचले. कलम ४ ला हसले. कलम ६ ला आले तेव्हा मी लेथवाल्याकडे पाहत राहिले आणि तो छताकडे. वाचून झाल्यावर ते पान उलटून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचले.

मग म्हणाले, "वहिनी, हे मला तुम्ही गेल्यावर कळणार होतं?"

"हो."

"आणि मग मी भांडायचं कुणाशी?"

मी म्हटले, "आत्ता भांडा." वकीलबाईंनी आपली खुर्ची मागे घेतली.

मग आम्ही भांडलो. सव्वा तास भांडलो. मुलगी मध्ये पडली तिला दोघांनी मिळून गप्प केले. भावजी मला जे जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. शेवटी ते खाली बसले. म्हणाले, "मी रोज सकाळी व्हॅन काढताना चार-चार वेळा ब्रेक बघतो वहिनी. पोरं हसतात मला." मी रडले. हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी हात जोडले तर म्हणाले, "ते राहू द्या. पाणी द्या आधी, घसा बसलाय."

पाणी पिऊन त्यांनी किल्ली मागितली.

आम्ही सगळे खाली अंगणात गेलो. त्यांनी ट्रक मागे घेतला, ट्रेलर अडकवला, दोन्ही पाइपांचे वेढे बोटाने मोजले, एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा माझ्याकडे बघत. पाइप जोडले. वर चढले. गेजचा काटा वर येईपर्यंत कारखान्यातून बाहेर आलेली गप्पू बोलतच होती, म्हणजे हवा कुठे गळत नव्हती. मग भावजींनी खिडकीतून डोके बाहेर काढले. केस सगळे पांढरे झालेत त्यांचे.

"वहिनी, ओढून बघू?"

मी म्हटले, "बघा भावजी."

त्यांनी दांडा ओढला आणि क्लच सोडला. ट्रकने जोर लावला, जागच्या जागी थरथरला. ट्रेलर तसूभर हलला नाही.

सबब कलम ७ मी खोडते आहे, कारण ट्रक, ट्रेलर आणि पक्कड मी आजच, जिवंतपणी, हातात देऊन टाकली आहे आणि जे माझे नाही ते मी मृत्युपत्रात लिहू शकत नाही. त्यामुळे भावजी साक्षीदार होऊ शकतात, असे वकीलबाई सांगतात. वाचन मात्र रद्द नाही. ते उद्या सकाळी वजनकाट्यावर होईल आणि मी स्वतः वाचीन. गप्पूने माझ्या शेजारी उभे राहावे आणि माझा आवाज कमी पडला तर आपला द्यावा.

कलम ५ वरही भावजींचे म्हणणे पडले की दुकानदाराला माफ करावे. मी विचार केला. मागच्या रांगेऐवजी मधल्या रांगेत उभे करावे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते. खाडाखोड केलेल्या ठिकाणी तिघांच्या सह्या आहेत.

ठिकाण: कारखान्याच्या वरची पुढची खोली
दिनांक: नऊ मे, शुक्रवार

साक्षीदार पहिला: शेजारचा लेथवाला
(सही) कटर उद्या आणून देतो.

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणारीचा धाकटा दीर, ट्रेलर ड्रायव्हर
(सही) तपासून सही केली.

मृत्युपत्र करणारी: हवावाली, ऊर्फ खरी भिंतपाडी
(सही)