भावांना चहाला पाठवण्याची रीत

बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. माझ्या लग्नाआधी आपण एका घरात राहत होतो आणि लग्नानंतरही रोज सकाळी एकाच टेबलाशी बसत होतो. दुसऱ्यांचे अर्ज, दस्त, मृत्युपत्रं लिहिण्यात दोघांची बोटं झिजली, एकमेकांना लिहायचं मात्र राहून गेलं. आता तुम्ही गेलात त्यालाही इतकी वर्षं झाली की तुमच्या जागेवर बसायला आलेला तरुण अर्जनवीससुद्धा म्हातारा होऊन घरी बसला. कचेरीच्या आवारातला कडुलिंब तेवढा तसाच आहे. परवा तिथून जाताना मी मुद्दाम रिक्षा थांबवली. झाडाखाली आता चार कॉम्प्युटरवाले बसतात आणि बाईमाणूस टाईप करतंय म्हणून कोणी वळून पाहत नाही.

माझ्या वेळी पाहायचे. मॅट्रिक झाले, मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी मला सायकलवर मागे बसवून आवारात घेऊन गेलात. बायका तिथे यायच्या त्या सही करायला नाहीतर अंगठा द्यायला. खुर्चीवर बसायला आलेली मी पहिलीच. शेजारच्या टेबलावरचे काका तुम्हाला म्हणाले, "पोरीले कायले आणलं गा इथं? कोणी काही बोललं तं?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "बोलू द्या ना. ती टाईप करून राहिली. त्या खडखडाटात तिले ऐकू येते कुठं?" काकांना हसू आलं आणि माझी नोकरी पक्की झाली. पगार नव्हताच, तो भाग वेगळा.

हक्कसोडपत्र म्हणजे काय ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. बाप गेला की त्याच्या मिळकतीत मुलीचाही वाटा असतो, छप्पन सालचा कायदा होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पण कायदा पुस्तकात आणि रीत घरात. भावांनी बहिणीला सासरहून आणायचं, लुगडं-चोळी करायची, वाटा सोडल्याच्या कागदावर तिचा अंगठा घ्यायचा आणि संध्याकाळच्या एसटीत बसवून द्यायचं. बहिणीही द्यायच्या. वाटा मागितला की माहेर तुटतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं.

तुमची तऱ्हा आवारात सगळ्यांपेक्षा वेगळी होती आणि त्यापायी आपलं गिऱ्हाईक कमी होतं, हे मी आज स्पष्टच लिहिते. हक्कसोड करायला कोणी आलं की तुम्ही आधी भावांना चहाला पाठवायचा. "जा गा, गेटाजवळ चांगला चहा भेटते. अर्धा तास लागते मले." ते गेले की बहिणीला स्टुलावर बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायचं, "बाई, तू काय सोडून राहिली, तुले समजते का? माह्या शब्दात नोको सांगू, तुह्या शब्दात सांग." ती सांगेपर्यंत तुम्ही टाक उचलत नव्हता. बहुतेक जणी सगळं समजून शेवटी सोडायच्याच. तुम्ही वाद घातला नाही, उपदेश केला नाही. पण एखादी रडायला लागली तर भाऊ परत आल्यावर तुम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "आज मशीन बिघडली. पुढच्या हप्त्यात या." माझी मशीन त्या काळात फार बिघडायची.

आणि मग तो दिवस. तुम्ही एका पक्षकाराबरोबर रजिस्ट्री ऑफिसात गेला होता. काटोलकडचे दोन भाऊ बहिणीला घेऊन आले, परतीची गाडी पकडायची होती, घाई करत होते. मला वाटलं, बाबा येईपर्यंत करून ठेवावं, शाबासकी मिळेल. भाऊ सांगत गेले, मी बडवत गेले. बहीण पदर तोंडाशी धरून मागे उभी होती. तुम्ही आलात, कागद वाचला, माझ्याकडे पाहिलंत.

"तिले विचारलं का?"

"ती काही बोलली नाही, बाबा."

"मी ते नाही विचारून राहिलो. तू विचारलं का?"

तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "बोलली नाही म्हणजे हो म्हटलं, असं कोण्या कायद्यात आहे? ऊठ. तिले बसू दे तिथं." माझ्या खुर्चीवर तुम्ही तिला बसवलंत. भर आवारात मी उभी आणि ती बसलेली. कान तापले होते माझे. तुमचा इतका राग आला होता की त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

भाऊ चहाला गेल्यावर ती बाई तोंडाशी धरलेला पदर सोडून म्हणाली, "वावर घ्या म्हणा त्याईले. मले फकस्त महालक्ष्म्याले कोणी आणाले येत जा. तीन वर्सं झाले, कोणी येत नाही." आणि तुम्ही ते लिहिलंत. हक्कसोडपत्रात, सर्व्हे नंबरच्या खाली, रीतसर कलम घालून: दरवर्षी गौरी-महालक्ष्म्यांच्या सणाला बहिणीस आणण्यासाठी दोघांपैकी एक भाऊ स्वतः तिच्या घरी जाईल. रजिस्ट्रीतला कारकून हसला. "अर्जनवीस, हे कायद्यात बसत नाही." तुम्ही म्हणालात, "नसन बसत. पण सायबाले मोठ्यानं वाचून तं दाखवा लागते ना." रजिस्ट्रार साहेबांनी ते चारचौघांत वाचलं तेव्हा दोन्ही भावांच्या माना खाली गेल्या. ते पुढे तिला आणायला गेले की नाही, माहीत नाही. गेले असतील असं मी धरून चालते.

तेव्हा मला वाटायचं, तुम्ही जन्मतःच असे आहात. कोणाच्या बापाची भीती न धरणारे, बहिणींची बाजू घेणारे. अभिमान वाटायचा. आत्या, तुमची धाकटी बहीण, आपल्या घरी इतकी कमी का येते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. ती आली की तुम्ही उगाच सायकल पुसत बसायचा, तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. दुसऱ्यांच्या घरातलं सगळं दिसायचं मला त्या टेबलावरून.

तुम्ही गेलात. आई तर आधीच गेली होती. राहतं घर भाड्याचंच. मागे मी आणि धाकटा बापू, आणि नंदनवन वस्तीतला तो रिकामा प्लॉट, आजोबांचं वावर विकून तुम्ही घेतलेला. दुसऱ्यांची शेकडो मृत्युपत्रं लिहिणाऱ्या माणसानं स्वतःचं केलं नव्हतं. तेरवी झाली, पाहुणे गेले, आत्या मदतीला म्हणून राहिली. दुसऱ्या दिवशी बापू सैपाकघरात आला, हातात कोरा स्टांप पेपर. तो वाईट नव्हता, बाबा, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच्या डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. लाडात येऊन म्हणाला, "ताई, प्लॉटाचं हक्कसोड करून घेऊ. तूच करून टाक ना टाईप, बाहेरच्याले कायले सांगाचं?"

आणि मी बसले टाईप करायला. आज हसू येतं, पण खरंच बसले. ओट्याशेजारी तुमची मशीन ठेवली, कागद घातला आणि सवयीनं बोटं चालू लागली: लिहून देणार, लिहून घेणार, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता. स्वतःचं नाव लिहून देणारच्या जागी टाईप करताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही. आत्या खाली बसून मेथी निवडत होती. तिनं मान वर न करता बापूला सांगितलं, "जाय बापू, चौकातून पान आण मले. कलकत्ता. सावकाश आण." तो गेला.

"वं पोरी," आत्या म्हणाली, "तुह्या बापानं मले नव्हतं विचारलं."

मी टाईप करायची थांबले.

"इथंच. मी पोळ्या करून राहिली होती. तो शाईचा पॅड घेऊन आला, म्हणे, बाई, अंगठा दे. अंगठ्याले कणीक लागली होती. पुसला अन् देला. रजिस्ट्रीत सायबानं वाचलं तवा मले समजलं, का बापाच्या वावरात माहं बी नाव होतं, अन् आता नाही."

माझे बाबा, ज्यांनी मला भर आवारात उभं केलं होतं. तुमचा राग आला आणि तुमची कीवही आली, दोन्ही एकदम.

"मंग चार वर्सांनी आला एक दिवस माह्या घरी. सायकल टेकवली, चहा पेला. म्हणे, बाई, आता मी कोण्या बहिणीले विचारल्याबिगर लिहत नाही. बस, तेवढंच. गेला."

"माफी नाही मागितली?"

"मागतली असती तं मले 'जाऊ दे' म्हणा लागलं असतं. बरं झालं नाही मागतली." तिनं निवडलेली मेथी टोपलीत टाकली. "आता तू सांग. तो बाहेर गेला आहे. तुले पाहिजे का नाही?"

इतक्या बायकांना तुम्ही हा प्रश्न विचारलेला मी ऐकला होता. स्टुलावर बसल्यावर तो एवढा अवघड असतो हे माहीत नव्हतं. सासरी आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत सात माणसं होतो. माझी मशीन पलंगाखाली असायची. मी म्हणाले, "पाहिजे." आणि एकदा तोंडातून गेल्यावर पुन्हा म्हणाले, कारण बरं वाटलं.

बापू पान घेऊन आला. मी कागद मशीनमधून काढून त्याच्या हातात दिला. "मी नाही करत सही, बापू. अर्धा माहा आहे."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. "म्या काही कमी केलं का तुले?"

"नाही."

"मंग काहून? लोकं म्हणतीन, बाप गेल्या गेल्या बहीण वाट्याले उठली." मग म्हणाला, "बाबा कधी म्हणाले होते का, का ताईचा हिस्सा आहे म्हणून?"

"म्हणाले होते," मी सांगितलं. "दवाखान्यात. तू डब्बा आणाले गेला होता तवा."

आत्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मेथीला लागली.

बापू पुढची दोन वर्षं माझ्याकडे आला नाही. मी फार रडले त्या दोन वर्षांत, लपवत नाही. वाटलं, गेलं माहेर, ज्याची सगळ्यांना भीती असते तेच झालं. तिसऱ्या वर्षी तो दारात उभा, वहाणा न काढता. म्हणाला, "बाबाच म्हणाले होते तं मंग मी कोण नाही म्हणणारा? चल, प्लॉट मोजून घेऊ." आम्ही दोघांनी टेप धरून तो मोजला. वाटणीपत्र मी टाईप केलं, त्यानं वाचलं, एक चूक काढली, ती खरंच चूक होती. त्यानं त्याच्या अर्ध्यात घर बांधलं. मी माझ्या अर्ध्यात आधी एकच खोली बांधली, खिडकीशी टेबल आणि दारावर माझ्या नावाची पाटी, अर्जनवीस. मधली भिंत कमरेएवढीच ठेवली आणि दोन्हीकडच्या पोरांनी ती उड्या मारून मारून आणखी बुटकी केली. आत्या एकटी पडली तेव्हा मी तिला माझ्याकडे आणली. शेवटची सहा वर्षं ती तिथे राहिली आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची, "मी माहेरी राहतो." तिचं खरंच होतं ते. त्या मातीत तिचा वाटा होताच.

आता जे सांगायचं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. दवाखान्यात तुम्ही तसं काही म्हणाला नव्हतात. बापू डबा आणायला गेला तेव्हा तुम्ही पाणी मागितलंत आणि मशीनला तेल देत जा म्हणालात, एवढंच. मृत्युपत्र तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, की राहून गेलं, हेही मला कळायला मार्ग नाही. विचारलं असतं तर कदाचित म्हणाला असतात, दे सोडून बाई, लहान आहे तो. त्या भीतीनंच मी कधी विचारलं नसेल.

बापूला मी अजून हे बोललेली नाही. मागच्या महिन्यात तो स्वतःचं मृत्युपत्र करायला माझ्याकडे आला. मुलाला आणि मुलीला सारखं द्यायचं म्हणाला. मी रीतीप्रमाणे विचारलं, का देतोस, तुझ्या शब्दात सांग. तो म्हणाला, "कारण कायले? आपल्या घरची रीतच आहे. असं लिही, आमचे वडील मरतेवेळी सांगून गेले त्याप्रमाणे." म्हातारा झालेला बापू डोळे पुसत होता. तुमच्या टेबलावर कधी खोटी साक्ष झाली नाही असं लोक अजूनही म्हणतात, बाबा. मी त्याचं ते वाक्य तसंच टाईप केलं आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.