फ्लेक्ससाठीची मान

५ मे २०१८, लातूर
घशातल्या गाठीसाठी रेडिएशन चालू आहे, तिसरा आठवडा. मानेची कातडी काळी पडली, आग होते. डॉ. श्रीनाथ माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, मानेला ब्लेड लावायचं नाही, सेंट नाही, कडक कॉलर नाही. रेडिएशननं कातडीच्या पेशींतले मायटोकॉन्ड्रियाच जखमी होतात, मग साधा ओरखडाही लवकर भरत नाही. मला मायटोकॉन्ड्रिया शिकवतो! वीस वर्षं क्लासमध्ये मी तेच विकतोय. त्याचा पेनस्टँड भिंतीवर फेकून मारला. बरं वाटलं.
संकल्प : चिडायचं नाही.

७ मे
उद्या नव्या बॅचच्या फ्लेक्ससाठी फोटो. चौकात पंचाक्षरीचा फ्लेक्स लागलाय, तोही बायोलॉजीच शिकवतो. गाल गुळगुळीत. माझी दाढी जागोजागी गळालेली. सौदामिनीनं रेझर लपवला. बायको असून विरोधी पार्टीत. कपाटाचं दार लाथेनं तोडलं. रेझर तिथं नव्हता. नवा आणला.

८ मे, सकाळी
केली. थोडं रक्त. वर आफ्टरशेव्ह. ओरडलो नाही, फक्त आरसा फोडला. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात, आणि माझी आई किल्लारीची. भूकंपात अंगावर भिंत पडली, तरी महिन्याभरात भाकरी थापत होती. माझी कातडी दोन दिवसांत येईल.
फोटो उत्तम. रक्त कॉम्प्युटरवर पुसतो, फोटोग्राफर म्हणाला.

११ मे
कातडी आली नाही. होती ती चालली. सृष्टी नावाच्या पोरीनं वर्गात विचारलं, मायटोकॉन्ड्रियाच बिघडले तर जखम भरायला एनर्जी कुठून येणार? प्रश्न सिलॅबसबाहेरचा. डस्टर फेकला. फळ्याला लागला, कारण मी दयाळू आहे. बॅच पंचाक्षरीकडं चाललीय म्हणे.

१२ मे, पहाटे
पंचाक्षरीचा फ्लेक्स फाडायला गेलो. तो फिरायला आलेला. पहिला ठोसा माझा, नाकावर. त्यानं फक्त कॉलर धरली. मी हिसडा दिला, तर कॉलरसोबत मानेची साल निघाली. तरी मीच जिंकत होतो. दवाखान्यात त्याच्याच स्कूटरवर गेलो, त्याच्या नाकाचं रक्त माझ्या शर्टावर.

१४ मे
श्रीनाथनं रेडिएशन थांबवलं. जखम भरेपर्यंत बंद. मी म्हणालो, मग आराम करतो, काय बिघडलं?
तो म्हणाला, "सर, आपण थांबलो. गाठ थांबत नाही."
काही फेकावं म्हटलं, तर टेबल त्यानं आधीच रिकामं केलेलं.

१९ मे
फ्लेक्स छापून आला. मान काय सुरेख! लावायचा कुठं, बॅचच उरली नाही. जखमेतून पाणी गळून गादी भिजते, म्हणून सौदामिनीनं तोच चादरीखाली अंथरला, चेहरा खाली करून. मी म्हणालो, निदान चेहरा तरी वर ठेव.
"त्याच चेहऱ्यापायी रोज मरून राहिले मी," ती म्हणाली. "झोपा गप."
मग माझ्या पायाशी बसून लई रडली. मला भीती वाटते.
संकल्प : मान भरेपर्यंत दाढी करायची नाही.
दाढी आता येतच नाही.