सदतीस नंबरचा नमुना

आई, आज तुझा नमुना मी फाईलमधून काढून टाकायला लावला. खरं तर तो तुझा नव्हताच. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, पण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तुला आठवत असेल, मी नगरच्या प्रयोगशाळेत नवीनच लागलो होतो, मेसमध्ये जेवायचो. माणसाच्या पोटात कोणकोणते जंतू राहतात, ते त्यांचा डीएनए वाचून ओळखायचं काम. शहरातल्या माणसांचे नमुने भरपूर होते. आयुष्यभर बाजरी खाल्लेल्या, गोळ्या-इंजेक्शन फारसं न घेतलेल्या खेड्यातल्या बायांचे हवे होते. तिथल्या मॅडमना मी मोठ्या उत्साहाने तुझं नाव सांगितलं. घरी येऊन तुझ्या हातात झाकणाची छोटी बरणी दिली आणि काय हवंय ते सांगितलं, तेव्हा तू हसता हसता चुलीपुढे खालीच बसलीस. "एवढं शिकून गू गोळा करतोस व्हय रं? वाचायला दुसरं काय न्हाई मिळालं का?" मी संमतीचा कागद वाचून दाखवला, तू अंगठा लावलास. आणि सकाळी मी उठायच्या आत बरणी तयार होती, तुझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली. वर तू पावडर शिंपडली होतीस. लग्नाकार्यालाच निघायचा तो पावडरचा डबा. मी काहीतरी बोलणार, तर तू म्हणालीस, "यष्टीत चार मान्सं असत्यात. तुला लाजल्यावानी नको व्हायला."

बरणी बर्फाच्या पिशवीत ठेवून मी एसटीत बसलो. कॉलेजातला एक मित्र शेजारी येऊन बसला. तो आता मास्तर झाला होता, इस्त्रीचा शर्ट वगैरे. "काय रे, आईनं मटण दिलंय वाटतं! उघड की." मी म्हणालो, ताक आहे. "मग दे की घोटभर." पुढच्या सीटवरची दोन माणसं वळून हसली. मी पिशवी पायांमागे सरकवली, पण मला वाटायला लागलं की वास येतोय, सगळ्यांना येतोय. नगरच्या अलीकडे, भिंगारला मी काहीतरी कारण सांगून उतरलो आणि बाजारामागच्या उकिरड्यावर ती बरणी फडक्यासकट टाकून दिली. प्रयोगशाळेत मॅडम वाट बघत होत्या. मी दुसरी बरणी घेतली, संडासात गेलो आणि माझ्याच नमुन्यावर तुझा सदतीस नंबर चिकटवला.

पुढच्या रविवारी येऊन तुझ्याकडे दुसरा मागता आला असता. तू परत हसली असतीस आणि दिला असतास. पण मग पहिल्याचं काय झालं ते सांगावं लागलं असतं.

तू मात्र गल्लीभर सांगत सुटलीस, "माह्या पोटातलं समदं पोरगं वाचनार हाय." घरी आलो की विचारायचीस, "काय निघालं रं?" मी म्हणायचो, "चांगलं निघालं. लई प्रकारचे जंतू आहेत तुझ्यात." त्यावर तू ऐटीत म्हणायचीस, "मंग! बाजरीवर पोसल्यात ते." दोन वर्षांनी तू गेलीस. त्या दवाखान्यातही तू नर्सला हेच सांगत होतीस, आणि मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

आज नव्याने लागलेली एक मुलगी जुने नमुने पुन्हा तपासत होती. ती म्हणाली, "सर, ही सदतीस नंबरची बाई खेड्यातली वाटतच नाही. मेसचं जेवण आणि गोळ्यांवर जगलेल्या माणसाचं पोट आहे हे." तीच वेळ होती सांगायची. मी म्हणालो, "नमुना खराब झाला असेल. काढून टाक." तिने एक बटण दाबलं. पडद्यावर छत्तीसच्या खाली अडतीस आला. तिने मला पाणी हवंय का विचारलं. मी नको म्हणालो.

उद्या तिला खरं सांगेन असं लिहिणार होतो, पण तुला आणखी एक खोटं कशाला सांगू?

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तू असतीस तरी तुला ते मीच वाचून दाखवलं असतं, आणि शेवटची ओळ गाळली असती. पिशवीला वास येत नव्हता, आई. नुसता पावडरीचा येत होता.