ओ निगेटिव्हचा खण शनिवारच्या ट्रकने जाऊ नये याबाबत

अर्जदार : सौ. प्रेमिला केशव भोयर, बी.एस्सी.
कनिष्ठ लिपिक (तात्पुरती), रक्तदाता शाखा

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मातोश्री जयवंताबाई स्मारक रक्तपेढी,
सीताबर्डी, नागपूर

विषय : रक्तदात्यांची कार्डे वाडीच्या गोदामात न पाठविण्याबाबत व संगणकातील पॅकेज बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) दसऱ्यापूर्वी कपाटे हलविण्याबाबतचे आपले परिपत्रक. २) अर्जदारास काल मिळालेले ज्ञापन.

महोदय,

ज्ञापनाचा खुलासा अर्जदाराने वेगळा दिला आहे. त्यात न मावलेली हकीकत ती येथे सादर करीत आहे, आणि ती शनिवारच्या आत वाचली जावी एवढ्यासाठी अर्ज टपालात न टाकता स्वतः आपल्या टेबलावर ठेवीत आहे.

१. श्रावणात पेढीत संगणक आला तेव्हा सोबत पॅकेजांचे खोके आले. कंपनीचा माणूस म्हणाला की यंत्र युनिक्स पद्धतीचे आहे, नुसते यंत्र फार काही करीत नाही, आत जे पॅकेज घालाल तेच काम ते करील. आणि आतल्या डिस्कवर सगळी मावायची नाहीत, तेव्हा विचार करून निवडा. एवढे सांगून तो जेवायला गेला आणि तसाच दुपारच्या गाडीने परत गेला. अर्जदार बी.एस्सी. असल्याने निवडीचे काम तिच्याकडे आले. तिचा विषय वनस्पतिशास्त्र होता, हे तिने त्याच दिवशी कळविले होते.

२. अर्जदाराने सीताबर्डीच्या फुटपाथवरून एक इंग्रजी पुस्तक आणले. ते दुसऱ्याच यंत्राचे निघाले, तरी मुलीला पाजताना एका हाताने पाने उलटीत तिने ते वाचून काढले. त्यातून तिला एवढे समजले की आधी काम ठरवावे आणि मग पॅकेज. पण निवड तिच्या हातात राहिली नाही. पेढीत पंखे, टेबले, कपाटे जशी ज्येष्ठतेने वाटली जातात तसेच खोकेही वाटले गेले. आस्थापना शाखेचे महादेवराव सर्वांत ज्येष्ठ, म्हणून सर्वांत जाड खोका त्यांचा. त्यात प्रोग्राम लिहिण्याची साधने आहेत. महादेवराव प्रोग्राम लिहीत नाहीत. त्यांनी खोक्यावर शाखेचे नाव लिहिले आहे. हिशेबाच्या कुसुमताईंना त्याखालोखालचा मिळाला. भांडारचे दादाजी यांच्या वाट्याचा खोका खेळांचा निघाला. तो त्यांनी परत केला नाही, कारण मग भांडार शाखेला काहीच मिळाले नाही असे झाले असते. हे सर्व डिस्कवर चढविण्यात आले.

३. रक्तदाता शाखेची पाळी शेवटी आली. माहिती गटवार जुळवून देणाऱ्या पॅकेजची पहिली फ्लॉपी अर्जदाराने आत घातली, तेव्हा पडद्यावर हिरव्या अक्षरांत जागा नाही असे आले. उरलेल्या जागेत फक्त पत्रे लिहिण्याचे पॅकेज बसले. म्हणून आज प्रत्येक रक्तदाता हे एक स्वतंत्र पत्र आहे आणि ते त्याच्या नावाने उघडते. नाव माहीत असेल तर गट सापडतो. गट माहीत असेल तर नाव सापडत नाही. पेढीला फोन येतो तो गटासाठी येतो.

४. अर्जदाराने महादेवरावांना विनंती केली की आपला खोका तूर्त काढू द्यावा. त्यांनी चहा पाजला, मुलीची चौकशी केली आणि म्हणाले, "माह्या शाखेचं काढून तुह्या शाखेत घातलं तर उद्या लोक काय म्हणतीन वं? साहेबाची सही आण, मंग काढ." अर्जदाराने कंपनीला ट्रंक कॉल लावला. तिकडून सांगण्यात आले की काही पॅकेजे एकमेकांच्या आधारावर चालतात. नको ते काढले तर यंत्र पुन्हा सुरूच होणार नाही. कोणते कोणाच्या आधारावर आहे हे विचारेपर्यंत वेळ संपली. तेव्हापासून अर्जदार चपला बाहेर काढून त्या थंड खोलीत शिरते आणि पत्रांखेरीज यंत्रातील कशालाही हात लावीत नाही, हे ती प्रामाणिकपणे नमूद करते.

५. मंगळवारी दुपारी कळमेश्वरचे रुपराव नावाचे गृहस्थ ओ निगेटिव्ह रक्ताची चिठ्ठी घेऊन खिडकीवर आले. त्यांची बहीण गोपिका बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हते. पेढीच्या फ्रिजमध्ये त्या गटाची एकही बाटली नव्हती, म्हणजे दाताच बोलवायचा होता. परिपत्रकानुसार कार्डांना हात लावण्यास मनाई असल्याने अर्जदार संगणकापुढे बसली. एक पत्र उघडायचे, गट पाहायचा, बंद करायचे, पुढचे उघडायचे. ए, बी, बी, ओ पॉझिटिव्ह, ए. रुपराव काचेतून पाहत होते. ते ओरडले नाहीत. हात जोडून म्हणाले, "बाई, माही बहीण तिकडं जाऊन राहिली अन् तुम्ही टीव्ही काहून पाहून राहिल्या? त्या कपाटात पाहा ना."

अर्जदार उठली. कार्डे गटवार लावलेली आहेत, तिने ओ निगेटिव्हचा खण ओढला. लाल पट्टीचे पहिलेच कार्ड वाडीतल्या ट्रान्सपोर्ट गोदामाचे मुकादम नत्थूजी यांचे होते. गोदामात फोन गेला, नत्थूजी मालाच्या ट्रकमध्ये बसूनच आले. गोपिकाबाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी परिपत्रकाचा भंग केल्याबद्दल अर्जदारास ज्ञापन मिळाले.

६. भंग झाला, हे अर्जदार नाकारीत नाही. परंतु शनिवारी कपाटे ट्रकमध्ये चढल्यावर पुढचा रुपराव खिडकीवर आला तर तिने कोठे पाहावे, हे परिपत्रकात नाही. दसऱ्याला यंत्राला हार घालायचा आहे आणि खोली मोकळी दिसली पाहिजे, हे ती जाणते. कपाटांवर चादर घालून त्यापुढे कुंड्या ठेवण्याची तिची तयारी आहे. कुंड्या ती घरून आणील.

७. अर्जदाराचा स्वतःचा गट ओ निगेटिव्ह आहे. तिच्या मुलीचाही तोच आहे. मुलगी आता उभी राहू लागली असून खाटेची कड, उंबरा, मोरीचा दगड, जे दिसेल ते धरून उभी राहते. ती पडली की अर्जदार आधी रक्त आले का ते पाहते आणि मग तिला उचलते. यजमान श्री. केशव म्हणतात की इतके भिऊ नये. त्यांचा गट बी पॉझिटिव्ह आहे.

सबब विनंती की, कार्डे जागेवर राहू द्यावीत. महादेवरावांचा व दादाजींचा खोका डिस्कवरून काढून त्या जागी माहिती जुळविण्याचे पॅकेज घालण्याचा लेखी आदेश आपल्या सहीने व्हावा. आणि ते काम कंपनीच्या माणसासमक्ष व्हावे, तो जेवून आल्यानंतर. यंत्र गटावरून नाव दाखवू लागले की अर्जदार स्वतः कपाटे ट्रकपर्यंत ढकलीत नेईल.

आणखी एक गोष्ट कळविणे तिला भाग आहे. ओ निगेटिव्हचा खण कपाटात नाही. काल संध्याकाळी अर्जदाराने तो मुलीच्या दुपट्यात गुंडाळून सिटी बसने घरी नेला. ही चोरी समजली गेल्यास होईल ती शिक्षा तिला मान्य आहे. मात्र चौकशी चालू असताना खण कोणी ताब्यात घेऊ नये, निदान घेणाऱ्याने स्वतःच्या घराचा पत्ता पेढीच्या दारावर लावावा. तोपर्यंत त्या गटाची चिठ्ठी घेऊन कोणीही आल्यास शिपायाने त्यास प्रतापनगरला, पाण्याच्या टाकीमागे, भोयरांच्या खोलीवर पाठवावे. वेळ पाहू नये. दाराला आतून नुसती कडी आहे, आणि अर्जदार दाराजवळच निजते.

आदेशाची वाट पाहणारी,
आपली नम्र,
सौ. प्रेमिला के. भोयर
नागपूर, दि. १३ ऑक्टोबर १९८८

सोबत :
१) ज्ञापनाच्या खुलाशाची प्रत
२) महादेवरावांचे, साहेबांची सही आणल्यास हरकत नसल्याचे टिपण
३) खण सोबत जोडलेला नाही.