कोपऱ्यातली राख

१४ नोव्हेंबर १९८८, जळगाव

आले एकदाची! बदलीचा कागद हातात पडला तेव्हा नाशिकच्या ऑफिसात सगळ्यांनी असे चेहरे केले, की जणू मी काळ्या पाण्यावरच निघाले आहे. जळगाव म्हणजे नुसतं ऊन, असं एकीनं डोळे मोठे करून सांगितलं होतं. इथे तर सकाळी गोधडीतून बाहेर पडवत नाही. पाटबंधारे खात्यातली टायपिस्ट मी, मशीन ठेवतील तिथे जाऊन बसायचं.

घर मेहरूणमध्ये मिळालं. दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर, त्याचं दार अंगणात उघडतं. स्वयंपाकघराच्या भिंतींना ताजा चुना. मालकीण यशोदाबाई शेजारच्याच भागात राहतात. त्यांचा मुलगा शालिग्राम केळीचे ट्रक भरून द्यायला रावेरला जाऊन-येऊन असतो. बाई एकट्या कशा, असं यशोदाबाईंनी विचारलं नाही. मला त्या तेवढ्यावरच आवडल्या. नवऱ्याचं घर सोडून वर्षं झाली, तरी प्रत्येक नव्या दारात तोच पाढा म्हणून दाखवावा लागतो.

गॅसचा नंबरही बदलून मिळाला! स्टोव्हला पंप मारण्याचे दिवस संपले. जुना स्टोव्ह मी नाशिकलाच देऊन टाकला. संध्याकाळी यशोदाबाईंनी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पाठवली. भरीत असं झणझणीत, की डोळ्यांतलं पाणी आणि तोंडातली वाहवा एकदमच आली.

२० नोव्हेंबर

घर देताना यशोदाबाईंनी एकच अट घातली होती. मांजर पाळायचं नाही. मी लगेच कबूल केलं, मला कुठे पाळायचं होतं? पण मांजरांना भाडेकरूच्या अटी कोण सांगणार. रोज एक तिरंगी मांजरी स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसते. अंगावर एका बाजूला तळहाताएवढी जागा बिनकेसांची, चकचकीत आहे. कुणीतरी कढत पाणी फेकलं असणार. माणसाची जात, दुसरं काय!

आज बशीत दूध ठेवलं. ते संपवून बाईसाहेब गजांतून आत आल्या आणि गव्हाच्या पोत्यावर झोपल्या, जसं काही भाडं त्याच भरतात. नाव ठेवलं चिंधी.

२७ नोव्हेंबर

चिंधीला यशोदाबाईंच्या नजरेला पडू द्यायचं नाही, म्हणजे दिवसा घरातच ठेवायचं. आणि घरात ठेवायचं म्हणजे तिच्या शी-शूची सोय आलीच. जन्मभर उकिरडे बघितलेलं जनावर. नाशिकला आमच्या शेजारी डॉक्टरीणबाईंकडे मांजर होतं, ते घमेल्यात जायचं. तेच इथे करून बघायचं ठरवलं.

घमेलं आणलं, शेजारच्या बांधकामावरची वाळू भरली. चिंधी त्यात मस्त लोळली आणि कार्यक्रम माझ्या चपलेत उरकला. घमेलं बाहेरच्या खोलीत ठेवलं, मोरीत ठेवलं, पलंगाखाली ठेवलं. मी कुठेही ठेवो, ही आपली जाते ती स्वयंपाकघरात, मागच्या दाराजवळच्या एकाच कोपऱ्यात. मानगुटीला धरून आणलं, नाक घासलं, सायीचं आमिष दाखवलं. शेवटी मीच हरले. घमेलं त्या कोपऱ्यात नेलं आणि वाळूच्या जागी यशोदाबाईंच्या बंबातली राख भरली. भांडी घासायला हवी म्हणून मागून आणली होती. राख बघताच चिंधी शहाण्या मुलीसारखी त्यात बसली, उकरलं, झाकलं, आणि माझ्याकडे बघून निघून गेली. मी तिला सायीचं बोट चाटवलं. ऑफिसात मला कधी कुणी एवढ्यावर शाबासकी दिली नव्हती!

कुणी अचानक आलं तर दिसू नये म्हणून घमेल्यावर बांबूची पाटी पालथी घालते. एका बाजूला वीट लावते, चिंधीला शिरता येईल एवढी फट राहते.

२ डिसेंबर

धुणंभांडं करायला झुंबरबाई येते. चिंधीचं गुपित तिला सांगून टाकलं होतं. मांजरीचं तिला काही वाटलं नाही. पण आज पाटी उचलून राख पाहिली आणि हातातलं पातेलं आपटलं. अक्का, तठे राख नका ठेवू, ती जागा चांगली नही शे, एवढंच म्हणाली. का, ते सांगेना. मी तिची थोडी थट्टा केली. ती हसली नाही.

७ डिसेंबर

मांजरं झाकताना राखच उकरतात असं नाही, शेजारची भिंतही ओरबाडतात. चिंधीनं कोपऱ्यातला चुना पार खरवडून काढला आहे. खाली भिंत काळी. ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं तर फडकं तेलकट काळं झालं. पूर्वी इथे चूल असेल, असं आधी वाटलं. पण काळं जमिनीपासून सुरू होतं, माझ्या डोक्याच्या वर जातं, आणि तिथून दाराच्या फळीपर्यंत पसरतं. चुलीची काजळी अशी दाराकडे जात नाही.

उगाच पाहत बसले. कामं पडली होती.

११ डिसेंबर

पकडले गेले. यशोदाबाई तिळाचे लाडू घेऊन न सांगता मागच्या दारानं आत आल्या. चिंधी माळ्यावर होती, दिसली नाही. पण पाटी दिसली. त्यांनी ती स्वतःच उचलली. राख, आणि राखेत मधोमध मांजरीच्या पावलाचा ठसा, नुकताच उमटलेला.

आता घर सोडा म्हणणार, अशी माझी खात्री होती. मी क्षमा मागायला तोंड उघडलं. पण त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? काय, कुणी सांगितलं? मला अर्थच लागेना. मग म्हणाल्या, रोज उमटतं का? मी म्हटलं, रोज. लाडवांचा डबा तिथेच ठेवून त्या गेल्या. चेहरा चुन्यासारखा झाला होता. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१५ डिसेंबर

ऑफिसातून आले तर कोपरा नवा चुना लावून पांढराशुभ्र. राख फेकलेली, घमेलं धुतलेलं, पाटी गायब. शालिग्राम किल्लीनं उघडून येऊन गेला म्हणे. ओल आली होती, असं यशोदाबाईंनी दारातूनच सांगितलं. चिंधी माळ्यावर अंगाचं मुटकुळं करून बसली होती. खाली उतरली ती सरळ त्याच कोपऱ्यात, आणि पुन्हा भिंत ओरबाडू लागली. मी भांड्यांसाठी ठेवलेली राख घमेल्यात भरून ते परत तिथेच ठेवलं.

१९ डिसेंबर

आमचे हेडक्लार्क तोताराम नाना. आज चहाच्या वेळी काळजीनं म्हणाले, स्टोव्ह जपून वापरा हो, तुमचा फार भडकतो असं तुमच्या मालकीणबाई बाजारात कुणाला सांगत होत्या. मी हसले. म्हटलं, नाना, माझ्याकडे स्टोव्ह नाहीच. गॅस आहे.

संध्याकाळी किराणेवाल्यानंही तेच विचारलं. त्यालाही मी तेच सांगितलं. मग मात्र हसू आलं नाही.

२३ डिसेंबर

आज झुंबरबाईला बसवलं, चहा दिला आणि खरं सांगितल्याशिवाय उठू देणार नाही म्हटलं.

शालिग्रामची बायको प्रमिला. दोन वर्षांपूर्वी त्याच कोपऱ्यात जळाली. स्टोव्ह भडकला म्हणे. आधी महिनाभर यशोदाबाई गल्लीत सांगत फिरत होत्या, सून फार वेंधळी, हिचा स्टोव्ह फार भडकतो. मागचं दार बाहेरून लावलेलं होतं. ते कुणी लावलं, हे कुणी विचारलं नाही.

इकडे रीत आहे. माणसाचा प्राण गेला त्या जागी राख पसरायची, वर पाटी पालथी घालायची. सकाळी राखेत जो ठसा उमटेल, त्या जन्माला तो जीव गेला. प्रमिलाची राख झुंबरबाईनंच पसरली होती. सकाळी मांजरीचं पाऊल. यशोदाबाईंनी पायानं पुसून टाकलं आणि कुणाला सांगू नको म्हणाल्या. नंतर खिडकीत ही मांजरी येऊन बसू लागली, तिच्यावर त्यांनीच कढत पाणी टाकलं.

आणि मी काय केलं? त्याच कोपऱ्यात, त्यांच्याच बंबातली राख, वर पालथी पाटी. रोज उमटतं, असं सांगितलं. त्यांना काय वाटलं असेल! सगळं माहीत असलेली बाई मुद्दाम येऊन राहिली आहे.

झुंबरबाईला विचारलं, गल्लीतल्या बाकीच्यांना हे ठाऊक आहे का. ती पदराशी चाळा करत म्हणाली, बठ्ठासले माहीत शे, पन कोन बोली? सगळ्यांनाच माहीत!

२४ डिसेंबर

तोताराम नानांनाही माहीत होतं. एकट्या बाईला कशाला घाबरवायचं, असं म्हणाले. वा! घर दाखवायला तेच आले होते माझ्याबरोबर.

दुसरी खोली संक्रांतीनंतर मिळेल. तोवर दुसरं ठिकाण नाही. भावाकडे जायचं तर त्याचं दार सहा वर्षांपूर्वीच बंद झालं आहे. मला या गावाचा इतका संताप आला आहे, की भीती वाटायला जागाच उरली नाही.

१ जानेवारी १९८९

शालिग्रामचं लग्न ठरतंय. रावेरकडची मुलगी. यशोदाबाईंनी अंगण सारवून घेतलं. रविवारी मुलीकडचे येणार. झुंबरबाई म्हणते मुलगी बारावीला होती, शिक्षण सोडवलं.

चिंधी आता जेवत नाही. राखेत बसते. नुसती बसते.

५ जानेवारी

मी काय करू? गप्प बसले तर मी या गल्लीतलीच एक. बोलले तर— मला अजून इथे नऊ रात्री काढायच्या आहेत.

८ जानेवारी

बोलले.

मुलीची आई हात धुवायला मागच्या अंगणात आली होती. तिला स्वयंपाकघरात नेलं, कोपरा दाखवला, चिंधीनं पुन्हा उघडी पाडलेली काळी भिंत दाखवली, प्रमिलाचं सगळं सांगितलं. त्या इंदिराबाईनं सगळं ऐकून घेतलं. भिंतीला हात लावला, बोटं पाहिली. मग बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाली, चला. चहासुद्धा न घेता गाडीत बसले सगळे.

एक मुलगी वाचली. मला आज फार बरं वाटतं आहे.

यशोदाबाई ओट्यावर बसून होत्या. माझ्याकडे बघून हसल्या.

९ जानेवारी

सकाळी राखेत चिंधीचे ठसे नाहीत.

पाऊल. माणसाचं. बायकी, लहान. दुसऱ्या बोटाखाली जोडव्याचा वळ. मी जोडवी घालत नाही. यशोदाबाई विधवा. झुंबरबाई काल आलीच नाही—

एकच पाऊल नाही. राखेतून बाहेर, फरशीवर, मागच्या दारापर्यंत. दाराशी खूप पावलं, एकावर एक. कुणी आतून दार ठोठावत उभं राहिल्यासारखी.

मी पुसली नाहीत.

दार उघडून पाहिलं. बाहेरच्या कडीला नवं तेल लावलेलं.

तोताराम नानांना सांगितलं, आजच घर सोडते, तुमच्या ओट्यावर झोपू द्या. घरी विचारून उद्या सांगतो म्हणाले.

१० जानेवारी, दुपार

अर्ध्या दिवसाची रजा घेतली. ट्रंक भरायला आले.

गॅसची टाकी नाही. शेगडी नाही.

घमेलं नाही. त्या कोपऱ्यात— स्टोव्ह. जुना, पितळी. टाकी काठोकाठ भरलेली. फरशी ओली. रॉकेलचा वास.

पुढच्या दाराला बाहेरून कडी. आत आले तेव्हा उघडं होतं.

मागचंही.

हाका मारल्या. समोरच्या घराची खिडकी उघडी होती, ती बंद झाली. मी पाहिलं, हात पाहिला बंद करणारा.

चिंधीला गजांतून बाहेर ढकललं. परत आली. पुन्हा ढकललं. परत आली. मागच्या दाराची फळी ओरबाडते आहे— नखांतून रक्त—

फळीखालून रॉकेल येतंय. बाहेरून ओततंय कुणीतरी. बोलत नाही.

वही गजांतून टाकते आहे, झुंबरबाईच्या वाटेवर पडेल. झुंबरबाई, ते सांगतील स्टोव्ह भडकला. तुम्ही बोला. कुणी नाही तर तुम्ही. त्यांना सांगा, माझ्याकडे स्टोव्ह नव्ह—