वन्संच्या रुसव्याचं व्याज

वडीलधाऱ्या वन्संना,

वाकून नमस्कार. (गुडघे निम्म्यातच थांबतात. उरलेला नमस्कार मनाने पुरा केला आहे, तो पोचला असं धरा.) तब्येत कशी आहे? ब्लडप्रेशरची गोळी रोज घेता ना, की अजून "डोकं दुखलं की घेईन" हेच चालू आहे? झोप लागते का? शेजारच्या न्हाव्याशी अबोला संपला का? इकडे सगळे ठीक. मी आहे तशीच आहे, म्हणजे तुम्हाला आवडत नाही तशी. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. फोन आपटता येतो, पत्र कितीही आपटलं तरी आवाज होत नाही. शिवाय माझं अक्षर आणखी किती बिघडलंय ते बघायला तरी तुम्ही शेवटपर्यंत वाचाल, एवढा तुमच्या स्वभावावर माझा विश्वास आहे. चौथीनंतर शाळेने मला सोडलं, (मी शाळेला सोडलं असं तुमचे बंधू चारचौघांत सांगायचे, बिचारे) तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सवडीने तुमचे तुम्ही लावून घ्या.

पत्राचं कारण, मला तुमचे आभार मानायचे आहेत. उभ्या असाल तर बसा. आपल्या दोघींच्या इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडतंय, उगाच चक्कर यायची. आणि आभार तुम्ही जे केलंत त्याचे नाहीत, ते केलंत तेव्हा मी पुष्कळ भांडले आहे. जे केलं नाहीत त्याचे आहेत.

मुळापासून सांगते, कारण तुम्हाला तुमच्या बाजूचीच गोष्ट ठाऊक. तुमचे बंधू जन्मभर बस चालवून जे काही मागे ठेवून गेले, ते आपल्या दोघींच्या नावावर ठेवून गेले, दोघींनी हो म्हटल्याशिवाय निघायचं नाही अशा बोलीने. मला तेव्हा फार लागलं होतं. बायको जिवंत असताना बहिणीचं नाव कशाला? तर म्हणाले, "हिच्या एकटीच्या हातात दिले तर आठवड्यात उडतील, ताईच्या एकटीच्या हातात दिले तर सात जन्मांत निघणार नाहीत. गाडीला ॲक्सिलरेटर लागतो आणि ब्रेकही लागतो." (आपल्यातली ब्रेक कोण, हे सांगायला नको. करकर आवाज करते ती.) पुढे ते पैसे टाचणीने फोनवरून त्या फंडात घातले. टाचणी म्हणजे माझी नात, तुम्ही तिला खऱ्या नावाने हाक मारता म्हणून ती तुम्हाला ओ देत नाही. हाडकुळी आणि टोचरी, आमच्या घराण्याला शोभते. तिला दातांची डॉक्टर व्हायचंय. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला हा धंदा सुचला असावा. त्या पैशांतूनच तिची फी भरायची, हे आपलं दोघींचं ठरलेलं. दुसरीकडून कुठून येणार? इस्त्रीच्या दुकानात कपडे कडक होतात, खिसा होत नाही.

तो फंड म्हणजे काय, हे टाचणीने मला तीनदा समजावलं आणि चौथ्यांदा चिडली. देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा थोडाथोडा तुकडा आपल्या मालकीचा. एक बुडाली तर दुसरी तरते. आणि त्या सगळ्यांची मिळून एकत्र तब्येत कशी आहे, ते सांगणारा एक आकडा रोज निघतो, त्याला निर्देशांक म्हणतात. म्हणजे वाड्या-वस्तीतल्या एकाचा ताप नाही, सगळ्यांचा मिळून सरासरी ताप. हे मला पटलं. पण तिने एक ताकीद दिली होती, "आजी, रोज बघू नकोस." आता बघू नकोस म्हटल्यावर माणूस काय करणार?

बघायची सोयही शेजारीच. आमच्या दुकानाला लागून औषधवाला आहे, त्याच्या दुकानात दिवसभर टीव्हीवर बाजार चालू असतो. मी त्याचं नाव लालहिरवा ठेवलंय. आकडे हिरवे असले की उधारी देतो, लाल झाले की सुट्टे पैसे मागतो. बाजार वर गेला तरी म्हणतो "मी म्हणालोच होतो," खाली गेला तरी म्हणतो "मी म्हणालोच होतो." आम्ल-पित्ताच्या गोळ्या गिऱ्हाइकापेक्षा तोच जास्त खातो. तर मी इस्त्री गरम होईपर्यंत त्याच्या दारात उभी राहायची आणि ज्ञान गोळा करायची. महागाईचा दर कमी झाला अशी बातमी आली तेव्हा मी खूश होऊन बाजारात गेले, तर सगळं होतं तेवढंच महाग, उलट चार पैसे वरच. परत येऊन त्याला झापलं. तो म्हणाला, "आजी, दर कमी झाला म्हणजे किंमती उतरल्या असं नाही, चढायच्या हळू झाल्या." (म्हणजे तुमचं वजन. मागच्या वर्षी भराभर वाढलं, यंदा दमाने वाढतंय. त्याला कुणी बारीक होणं म्हणत नाही. राग मानू नका, समजायला बरं पडतं.)

आणि मग तो दिवस आला. टीव्हीवर सांगितलं की देशात खूप लोकांना नोकऱ्या लागल्या, बेकारी घटली. मी म्हटलं चला, कुणाच्या तरी पोराचं भलं झालं. बघते तर पडदा लालभडक! लोकांना काम मिळालं म्हणून बाजार पडला. लग्न ठरलं म्हणून घरात रडारड, तशातली गत. लालहिरव्याला विचारलं तर तो गोळी चघळत नुसता "आता काही खरं नाही" म्हणत होता. शेजाऱ्याच्याच असं अंगात आल्यावर मी कसा धीर धरणार?

त्यात माझा स्वतःचा एक निर्देशांक होता, तो मी कुणाला सांगितला नव्हता. समोर ती मोठी कचेरी आहे ना, काचेची, तिथल्या बाबू लोकांचे शर्ट माझ्याकडे येतात. माझा हिशेब असा की शर्टांचे गठ्ठे मोठे म्हणजे देश जोरात, गठ्ठे लहान म्हणजे देश आजारी. टीव्हीवाले चार महिन्यांनी सांगणार, मला सोमवारी सकाळीच कळणार. मनातल्या मनात मी स्वतःला अर्थमंत्री समजत होते. आणि त्याच सुमारास गठ्ठे आटले. आधी अर्धे झाले, मग नुसते लग्नकार्याचे शर्ट उरले. मी म्हटलं झालं, कचेरी बुडाली, पाठोपाठ देश बुडणार आणि टाचणी दुसऱ्यांचे दात बघण्याऐवजी माझ्यासोबत कॉलरी बघत बसणार. टाचणी परीक्षेला परगावी गेली होती, विचारायला कुणी नाही. मी सरळ फोन घेतला आणि सगळं विकून टाका असं बटण दाबलं. (ॲक्सिलरेटर!) माझ्या फोनवर तो ओटीपीचा आकडा आला, मी भरला. दुसरा आकडा तुमच्या फोनवर गेला, तो तुम्ही भरायचा होता.

आणि तुम्ही रुसलेल्या होतात.

त्या शालीचा विषय मला काढायचा नव्हता, पण त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. तुम्ही विणून पाठवलेली शाल मी इस्त्रीच्या टेबलावर अंथरली, तुम्ही न कळवता आलात, तुम्हाला ती दिसली, तिच्यावर इस्त्रीच्या आकाराचा डाग दिसला, आणि चहा न पिता परत गेलात. अहो वन्सं, शाल चांगली होती म्हणून टेबलावर घातली! वाईट असती तर पाय पुसायला घातली असती. इतकी जाड, एकसारखी वीण, वाफ धरून ठेवते, बटणांचे वळ उठत नाहीत, असं अंथरूण माझ्या टेबलाला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. हे मी तेव्हा सांगणार होते, तोवर तुमची रिक्षा वळलीसुद्धा.

असो. तुम्हाला फोन केले, उचलले नाहीत. निरोप पाठवले, वाचले नाहीत. तो आकडा दहा मिनिटांत शिळा होतो, म्हणून मी पुन्हा बटण दाबायची, पुन्हा फोन करायची, लालहिरवा तिकडून ओरडायचा "अजून पडला, अजून पडला!" शेवटी तुमच्या त्या न्हाव्याला फोन करून हातापाया पडले. तो गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच सोडून तुमच्या दारात गेला. तुम्ही दार न उघडता आतून काय म्हणालात ते त्याने मला शब्द न् शब्द सांगितलं: "सांग तिला, शालीला विचार म्हणावं आकडा!"

मी त्या दिवशी तुम्हाला जे काही बोलले ते इस्त्रीने ऐकलं, तिची तार त्याच रात्री जळाली.

दुसऱ्या दिवशी तशीच धुमसत बँकेत गेले. तिथे चष्मेवाली बाई आहे, बोलायला माझ्यासारखीच. म्हटलं, नणंदेचं नाव काढायचं असेल तर कुठे सही करू? तिने आधी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, फी कधी भरायची? म्हटलं पुढच्या वर्षी सुरुवात, पुढे पाच वर्षं. म्हणाली, "मग पडलेल्या भावात आजच सगळं विकायची घाई कुणाला, तुम्हाला की शेजारच्या औषधवाल्याला?" मग नोकऱ्यांचं कोडं तिने सोडवलं. लोकांना कामं खूप लागली की हातात पैसा खेळतो, महागाई वाढेल या धास्तीने मोठी बँक व्याज चढं ठेवते, आणि व्याज आणि बाजार म्हणजे एका घरातल्या दोन जावा, बहुतेक वेळा एकीचं कौतुक झालं की दुसरीचं तोंड उतरतं. शिवाय बाजार आजचं ताट बघत नाही, उद्या काय वाढतील ते बघतो, आणि मनात धरलं होतं त्याहून वेगळं दिसलं की रुसतो. मी म्हटलं, "म्हणजे सासू." ती इतकी हसली की चष्मा पडला. मग तोच चष्मा पुसत म्हणाली, "आजी, या वेळी नणंद रुसली म्हणून वाचलात. दर वेळी रुसेल का?" मी म्हटलं, तुम्ही आमच्या वन्संना ओळखत नाही.

येताना कचेरीच्या पहारेकऱ्याजवळ थांबले. म्हटलं, वाईट वाटतं हो, इतकी मोठी कचेरी बंद पडते आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "बंद? आजी, माणसं इतकी घेतलीत की बसायला खुर्च्या नाहीत. फक्त साहेबांनी शर्टाची सक्ती काढली. आता सगळे बनियनसारखं काहीतरी घालून येतात, त्याला इस्त्री लागत नाही." माझा देश बुडाला नव्हता, कॉलर बुडाली होती. अर्थमंत्र्याने तिथेच राजीनामा दिला. (दुकानाचं म्हणाल तर आता पडदे आणि चादरी घेते. पडद्यांना अजून कुणी सूट दिलेली नाही.)

बाजार पुढे काही महिन्यांत सावरला, होता त्याच्या वरही गेला. चष्मेवाली म्हणते हे दर वेळी इतक्या लवकर होतंच असं नाही, म्हणून फुशारक्या मारायच्या नाहीत, आणि जे पैसे वर्षभरात लागणार ते बाजारात ठेवायचेच नाहीत. पहिल्या वर्षाची फी काढून मुदत ठेवीत टाका म्हणाली, बाकीचं राहू दे, आणि औषधवाल्याकडे फक्त औषध घ्या. टाचणीला प्रवेश मिळाला आहे. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी कपाळाला हात लावून बसली, मग म्हणाली, "आत्याआजी रुसल्या नसत्या तर मी कुठे असते?" तेव्हा वन्सं, त्या पोरीच्या वतीने आणि माझ्या वतीने आभार. तुमच्या भावाला अक्कल होती, हे मी त्यांच्यामागे पहिल्यांदाच लिहून देते आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुमचा पीळ शाल जळली तरी गेला नाही, म्हणून नातीचं भविष्य जळायचं वाचलं. देव तुमचा रुसवा असाच राखो. पण कामापुरता.

तुमची,
वहिनी

ता. क. ती पहिल्या फीची रक्कम काढायला पुन्हा आकडा येणार आहे. या वेळी भरायचा आहे, रुसायचं नाही. आकडा कुणाला फोनवर सांगायचा नसतो, ज्याचा त्याने भरायचा असतो, आणि तुमची बोटं त्या बारीक बटणांवर कशी पडतात ते मी पाहिलं आहे. म्हणून इकडेच या, मी शेजारी बसून ओरडते. दुकानामागची खोली रंगवून घेतली आहे, खाट खिडकीखाली आहे. फी दर वर्षी भरायची, दर वर्षी कुठे ये-जा करणार या वयात? पाच वर्षांचे कपडे घेऊन या. इस्त्रीचे पैसे घेणार नाही.

ता. क. दुसरा. येताना लोकर आणा, जाडच आणा. टेबलाला नवी शाल विणून हवी आहे. पहिली टेबलावर नाही, ती आता माझ्या अंगावर असते. डाग पाठीवर येतो, त्यामुळे मला दिसत नाही. तुम्ही मागे बसू नका म्हणजे झालं.