मामींच्या लोणच्यासाठी निळी बरणी

अमरावती,
ता. १२ मार्च १९६१

तीर्थस्वरूप सौ. माणिकमामींच्या पायांवर देवमनचं डोकं. विनंती विशेष,

इकडे आम्ही सुखरूप आहोत. आईचे गुडघे दुखतात, पण शेजारणीकडे पापड लाटायला निघाली की दुखत नाहीत. मामांचा खोकला कसा आहे? जठारपेठेतलं तुमचं भाजीचं दुकान जोरात असेल. (तुमच्या शालूची प्रकृती मुद्दाम विचारत नाही. तुम्ही म्हणाल, पत्र तेवढ्यासाठीच लिहिलं.)

दिवाळीत तुमच्याकडे माझ्या हातून आधी बशी फुटली आणि तिचे तुकडे उचलताना पाण्याचा माठ फुटला, हे तुम्ही विसरला नसालच. तेव्हा भरल्या घरात तुम्ही म्हणालात, "ज्याच्या हाती साधं गाडगं टिकत नाही, त्याले पोरगी कोन देईन?" सगळे हसले. मीही हसलो, पण टांग्यात बसल्यावर मला रडू आलं. दारापर्यंत आलेली शालू तेवढी हळूच म्हणाली होती, "मंग एखादं भांडं शाबूत आनून दाखवा ना." मामी, त्या दिवसापासून मी दुसरं काही मनात आणलेलं नाही. त्यामुळे मातीच्या भांड्यांना झिलई द्यायच्या वर्गाला आमच्या शाळेतून एका मास्तरला पाठवायचं ठरलं, तेव्हा हेडमास्तरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हात वर केला. (त्या हाताने शाईची दौत लवंडली, पण ती फुटली नाही. हा मी शकुन मानला.)

वर्ग बडनेरा रस्त्यावरच्या एका टिनाच्या शेडमध्ये होता. शिकवणारे खुशालराव भले गृहस्थ, पण त्यांनी झिलईची बादली उघडली आणि आमचा त्यांच्यावरचा विश्वासच उडाला. आत पांढरंफटक पाणी, आणि हे म्हणतात भट्टीतून निघालं की निळं होईल. माझ्याबरोबर शिकणाऱ्या भातकुलीच्या मनकर्णाबाईंनी त्यात बोट बुडवून वास घेतला आणि निकाल दिला, "हे तं ताक व्हय. तुमी आमाले येडं समजून राहिले काय?" त्या चाखूनही बघणार होत्या, खुशालरावांनी हात धरला म्हणून वाचल्या. एकदा भाजलेली बरणी त्या पाण्यात बुडवायची, मनात तीन म्हणायचे आणि काढायची, एवढंच काम. मी तीन म्हणेपर्यंत मला तुमचं आंब्याचं लोणचं आठवलं, मग ते वाढणारी शालू आठवली, आणि बरणीवर म्हशीच्या दुधावरच्या सायीएवढा थर चढला. पुढे नियम असा, की झाकण जिथे टेकतं ती कड पुसून कोरडी ठेवायची. मला ते कंजूषपणाचं वाटलं. मामींच्या लोणच्याला उघडी माती का लागावी? खुशालरावांची पाठ वळताच मी कडेला वरून आणखी दोन हात दिले आणि झाकण लावून टाकलं.

भट्टी उघडली तेव्हा बरणी अशी निळी निघाली, मामी, की मी आणि मनकर्णाबाई शेडभर नाचलो. (त्यांचं वय साठ आहे. लोकांनी काही म्हटलं तर तुम्हाला आधीच माहीत असावं.) मग ऐटीत झाकण उचललं, तर झाकणाबरोबर बरणीही उचलली गेली. कडेवरची झिलई वितळून दोघांचं एकच झालं होतं. मनकर्णाबाईंनी बरणी गुडघ्यांत धरली, मी झाकण ओढलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मास्तर, माहा गुडघा निखळून राहिला, झाकन काही हालत नाही." त्या ओढाताणीत आत काहीतरी सुटलं आणि खुळखुळायला लागलं. खुशालरावांनी विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, काही नाही.

तरी बरणी शाबूत आहे, मामी. चीर नाही की टवका नाही. उद्या आमचा शेजारी सहदेव संत्री घेऊन अकोल्याला निघतोय, त्याच्या हाती पाठवतो. लोणचं भरता येणार नाही, पण फळीवर शोभेल. मामांना नमस्कार.

आपला आज्ञाधारक भाचा,
देवमन

ता. क. भांडं रिकामं पाठवू नये, असं तुम्हीच शिकवलंत. खरी सुपारी भट्टीत जळाली असती, म्हणून मातीची वळून आत टाकली होती. आपल्यात सुपारी फुटली की लग्न ठरतं, हे मी तुम्हाला काय सांगावं? तुमच्या मनात असेल तर बरणी फोडा आणि सुपारी मामांच्या हाती द्या.

ता. क. २. मनात नसेल तर बरणी फोडू नका. दार आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवा. मी रागावणार नाही, पण मला फार वाईट वाटेल.

ता. क. ३. पत्र बंद करण्याआधी सहदेव आला. त्याने हात पुढे करायच्या आतच माझ्या हातून बरणी सुटली. निळे तुकडे पार चुलीपर्यंत गेले. सुपारी मात्र गडगडत आईच्या पायाशी येऊन थांबली, शाबूत. आईने ती उचलून पदराला बांधली आणि म्हणाली, "चाल बाप्पा, आता तं अकोल्याले जाच लागते." तेव्हा रविवारी आम्ही दोघं येतो आहोत. सुपारी मामांनीच फोडावी. मी घरात कशालाही हात लावणार नाही.